कामात गढलेल्या माणसाला सामायिक कामात कसे जोडावे?

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



कोणत्याही पेढीत, कारखान्यात अथवा संस्थेत दोन प्रकारची कामे असतात. पहिले, ज्याला त्याला नेमून दिलेले काम. खरेदी करणारा खरेदी करतो, विक्रेता विकतो, मुनीम वही लिहितो, गोदामाचा माणूस ताके मोजतो. दुसरे काम कोणा एकाचे नसते आणि म्हणूनच ते सर्वांचे असते. गिऱ्हाइकाला माल वेळेवर का पोचत नाही, एकाच मालाची किंमत दोन कागदांवर दोन का दिसते, विकला न जाणारा माल पुन्हा पुन्हा का मागवला जातो, हे प्रश्न एका टेबलावर सुटत नाहीत. पहिल्या कामाला धनी असतो. दुसरे काम बहुधा निर्धनी राहते आणि संस्थेचे खरे नुकसान बहुतेक वेळा याच निर्धनी कामात दडलेले असते.

यावर उपाय म्हणून निरनिराळ्या विभागांतील माणसांचा मिश्र गट नेमण्याची पद्धत उद्योगजगतात रूढ झाली आहे. तिला ‘क्रॉस-फंक्शनल टीम’ म्हणतात. मराठीत ‘आंतरविभागीय गट’ म्हणता येईल. गट नेमणे सोपे असते, त्यात जीव ओतणे अवघड असते. ज्यांची तेथे गरज असते ती माणसे आधीच कामात बुडालेली असतात आणि ज्यांना भरपूर वेळ असतो त्यांचा तेथे फारसा उपयोग नसतो. हा पेच कसा सोडवावा, हाच आजचा विषय आहे.

नकारामागची कारणे

कामात गुंतलेला कर्मचारी अशा गटाचे नाव काढताच मागे सरतो. त्याला आळशी किंवा स्वार्थी ठरवणे सोपे आहे, पण ते न्यायाचे नाही. त्याच्या नकारामागे साधारणपणे चार कारणे असतात. त्याचा पगार, बढती व बोनस त्याच्या विभागातील कामावर ठरतात. गटात घालवलेला तास कोणाच्याच हिशेबात जमा होत नाही. त्याला गटात पाठवले तरी मूळ कामाचा बोजा तसाच राहतो, म्हणजे तो वेळ घरच्यांच्या वाट्यातून जातो. त्याच्या थेट वरिष्ठाची मनापासून संमती नसते. आणि मागच्या खेपेला कष्टाने तयार केलेला अहवाल कपाटात पडून राहिल्याचे त्याने पाहिलेले असते. ज्या आडातले पाणी एकदा कोरडे निघाले, तेथे दुसऱ्यांदा दोर सोडायला कोण जाणार?

या चारही कारणांना उत्तर दिल्याशिवाय नुसत्या आवाहनाने माणसे जोडली जात नाहीत. हे उत्तर मोठ्या प्रमाणावर कसे दिले गेले, आणि पुढे कसे अपुरे पडले, याचे एक बोलके उदाहरण जपानमध्ये घडले.

निस्सानचा १९९९ चा प्रयोग

निस्सान ही जपानमधील एक अग्रगण्य मोटार कंपनी. १९९० च्या दशकात ती बहुतेक वर्षे तोट्यात गेली. तिच्यावर सुमारे १.४ लाख कोटी येनचे निव्वळ कर्ज झाले होते. मार्च १९९९ मध्ये फ्रान्सच्या रेनॉ कंपनीने तिचा ३६.८ टक्के हिस्सा घेतला आणि त्या उन्हाळ्यात कार्लोस घोन यांना तेथे पाठवले. ब्राझीलमध्ये जन्मलेल्या, लेबनीज वंशाच्या आणि फ्रान्समध्ये शिकलेल्या या गृहस्थांना जपानी भाषा येत नव्हती. अशा परक्या माणसाने बाहेरून योजना आणून लादली असती, तर ती कागदावरच राहिली असती. त्यांनी तसे केले नाही. रोगाचे निदान कंपनीतील माणसांकडूनच व्हावे, असे ठरवून त्यांनी काही आठवड्यांतच नऊ आंतरविभागीय गट स्थापन केले. व्यवसायवृद्धी, खरेदी, उत्पादन व मालवाहतूक, संशोधन, विक्री, प्रशासन, वित्त, बंद करावयाची मॉडेल्स आणि संघटना व निर्णयपद्धती, असे त्यांचे विषय होते.

या गटांची घडण लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. प्रत्येक गटात सुमारे दहा जण होते आणि ते मधल्या फळीतील अधिकारी होते, म्हणजे ज्यांच्या टेबलावर रोजच्या कामाचा ढीग असतो असेच लोक. दहा माणसांनी सर्व तपशील तपासणे शक्य नसल्याने गटांनी आपले उपगट केले. उत्पादनाच्या गटाने क्षमता, उत्पादकता, स्थिर खर्च आणि गुंतवणूक असे चार उपगट नेमले. अशा रीतीने सुमारे ५०० माणसे या कामात गुंतली. प्रत्येक गटाला कंपनीच्या सर्वोच्च कार्यकारी समितीतील दोन सदस्य पालक म्हणून दिले होते. एकच पालक दिला असता तर गट त्याच्या विभागाच्या चष्म्यातून पाहू लागला असता. शिवाय दोन वरिष्ठांचा हात पाठीवर असल्यामुळे कोणत्याही विभागप्रमुखाला माहिती दडवणे कठीण झाले. गटाचे रोजचे काम मात्र पालकांकडे नव्हते. ते गटातीलच एकाने चालवायचे होते. त्याला ‘पायलट’ म्हणत.

गटांना कंपनीतील कोणतीही माहिती मागण्याची मुभा होती, निर्णयाचा अधिकार नव्हता. निर्णय कार्यकारी समितीचा होता. प्रथमदर्शनी हे उणे वाटेल, पण त्यामुळे जबाबदारीची सीमा स्पष्ट झाली. शोध घेणे व उपाय सुचवणे गटाचे, होकार वा नकार देऊन त्याची जोखीम घेणे वरिष्ठांचे. मुदत अवघी तीन महिन्यांची होती. आरंभ, प्रश्न आणि शेवट असे तिन्ही निश्चित असल्याने कामात गढलेल्या माणसालाही आपल्याकडून काय व किती काळ अपेक्षित आहे, हे पहिल्या दिवशीच कळले. जे काम कधी संपेल हे ठाऊक नसते, त्याला कोणी मनापासून खांदा देत नाही.

भिंती कोठे होत्या?

कंपनीच्या एकूण खर्चातील जवळजवळ ६० टक्के वाटा बाहेरून घेतलेल्या मालाचा होता. वरवर पाहता हा प्रश्न खरेदी विभागाचा. त्याने भाव पाडून घ्यावा, एवढाच. खरेदी व अभियांत्रिकीची माणसे एकत्र बसली तेव्हा वेगळेच चित्र दिसले. पुरवठादारांवर घातलेल्या काही तांत्रिक अटी गिऱ्हाइकाच्या गरजेपेक्षा अधिक कडक होत्या. खर्च वाढत होता तो भावातच नव्हे, तर नकाशातही. खरेदी विभाग नकाशा बदलू शकत नव्हता आणि अभियंत्याला भावाची झळ लागत नव्हती. दोघांच्या मधली भिंत हीच खर्चाची जागा होती, आणि ती दोघांपैकी कोणालाच एकट्याने दिसली नसती.

१८ ऑक्टोबर १९९९ रोजी पुनरुज्जीवन योजना जाहीर झाली. खरेदीखर्चात तीन वर्षांत २० टक्के कपात, ११४५ पुरवठादारांवरून ६०० पर्यंत संख्या आणणे आणि कर्ज निम्म्यावर आणणे, अशी तिची कलमे होती. त्याच दिवशी घोन यांनी जाहीर केले की, आर्थिक वर्ष २००० मध्ये नफा झाला नाही, तर ते आणि कार्यकारी समिती पायउतार होतील. कनिष्ठांकडून रात्रीचा दिवस करवून घ्यायचा आणि वरिष्ठांची खुर्ची मात्र सुरक्षित, असे तेथे नव्हते. त्या वर्षी कंपनीला ३३,१०० कोटी येनचा निव्वळ नफा झाला आणि तीन वर्षांची योजना एक वर्ष आधीच, मार्च २००२ मध्ये पूर्ण झाली.

शब्दांचा मेळ

दोन देशांची माणसे एकत्र काम करू लागल्यावर एक निराळीच अडचण पुढे आली. ‘बांधिलकी’, ‘अधिकार’, ‘उद्दिष्ट’ या शब्दांचा अर्थ प्रत्येक जण आपापल्या परीने लावत असे. म्हणून कंपनीने सुमारे ४० शब्दांचा एक छोटा कोश तयार केला आणि प्रत्येक शब्दाचा एकच अर्थ ठरवून दिला.

ही गोष्ट परदेशी वाटण्याचे कारण नाही. कापडाच्या घाऊक पेढीत ‘माल तयार आहे’ हे वाक्य रोज उच्चारले जाते. विक्रेत्याच्या मते माल तयार म्हणजे गिरणीने होकार दिला. गोदामवाल्याच्या मते तयार म्हणजे गाठ बांधून झाली. मुनिमाच्या मते तयार म्हणजे बिल फाडले. तिघेही खरे बोलतात आणि गिऱ्हाईक मात्र खोटे पडल्यासारखे दारात उभे राहते. निरनिराळ्या विभागांची माणसे एकत्र बसवण्यापूर्वी त्यांचे शब्द एकत्र बसवावे लागतात.

वेळ आणि जागा

वेळेचा प्रश्न तरीही शिल्लक राहतो. अमेरिकेतील थ्री-एम कंपनीने १९४८ पासून आपल्या तांत्रिक कर्मचाऱ्यांना कामाच्या वेळेतील सुमारे १५ टक्के भाग स्वतःला महत्त्वाच्या वाटणाऱ्या कल्पनेवर खर्च करण्याची मुभा दिली. १९६८ मध्ये तेथील स्पेन्सर सिल्व्हर या शास्त्रज्ञाला सहज निघून येणारा एक कमकुवत गोंद सापडला. त्याचा उपयोग काय, हे कोणालाच सुचेना. कंपनीच्या दुसऱ्या विभागातील आर्ट फ्राय यांना आपल्या भजनांच्या पुस्तकातील खुणेचे कागद सारखे गळून पडत असल्याने तो गोंद आठवला, आणि १९८० मध्ये आज जगभर टेबलांवर दिसणाऱ्या चिकट चिठ्ठ्या बाजारात आल्या. एका विभागाचे अपयश दुसऱ्या विभागाच्या गरजेला भेटले, कारण दोघांच्याही दिवसात त्या भेटीसाठी थोडी मोकळी जागा राखलेली होती.

टोयोटा कंपनीने दुसऱ्या बाजूने विचार केला. १९९० च्या दशकात प्रियस ही संकरित मोटार घडवताना प्रमुख अभियंता ताकेशी उचियामादा यांनी एका मोठ्या दालनात निरनिराळ्या शाखांच्या तज्ज्ञांना एकत्र बसवले. नकाशे, वेळापत्रक, अडचणी असे सारे एकत्र पाहता येई. जपानीत अशा दालनाला ‘ओबेया’, म्हणजे मोठी खोली म्हणतात. जो प्रश्न कागदोपत्री चार टेबलांवर फिरत राहिला असता, तो समोरासमोर बसून सुटू लागला. डिसेंबर १९९७ मध्ये ती गाडी जपानच्या बाजारात आली. गर्दीत असलेल्या माणसाचा वेळ वाचवायचा असेल, तर त्याला अधिक बैठकांना बोलावून चालत नाही. ज्यांच्याशी बोलायचे ती माणसे त्याच्या हाताशी आणून ठेवावी लागतात.

आपल्या बाजारपेठेतील धडा

छोट्या पेढीलाही हे चुकलेले नाही. १९५७ च्या कायद्याने कापडावर विक्रीकराऐवजी अतिरिक्त उत्पादन शुल्काची व्यवस्था आली आणि पुढे अनेक दशके कापडाचा व्यापारी बहुतांश राज्यांत विक्रीकराच्या कागदपत्रांपासून दूर राहिला. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि कापडावर पाच टक्के कर आला. सुरतच्या कापड बाजाराने त्या महिन्यात अनेक दिवस बंद पाळला. रागाचा भाग सोडला, तर खरी अडचण कराच्या दरापेक्षा कामाच्या जोडणीची होती. प्रत्येक जातीच्या मालाला एचएसएन क्रमांक लावायचा, तर सुती कोणते व कृत्रिम धाग्याचे कोणते, हे खरेदी करणाऱ्याला ठाऊक; तो क्रमांक बिलात टाकणार मुनीम; शिल्लक मोजणार गोदाम; गिऱ्हाइकाचा नोंदणी क्रमांक आणणार फिरतीवरचा विक्रेता; आणि संगणकात हे सारे बसवणार बाहेरचा माणूस. पुढे एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य मालासाठी ई-वे बिल आले, तेव्हा वाहतूकदारही या साखळीत आला.

जेथे हे सारे काम एकट्या मुनिमावर लोटले गेले, तेथे तो रात्र रात्र जागला आणि चुका मात्र तशाच राहिल्या. जेथे पाचही जण आठवड्यातून एकदा, ठरलेल्या तासाला, दुकानाचे दार अर्धे ओढून एकत्र बसले, तेथे घडी लवकर बसली. सप्टेंबर २०२५ मध्ये तयार कपड्यांच्या कराचे टप्पे पुन्हा बदलले, तेव्हा अशी सवय असलेल्या ठिकाणी नव्याने धावपळ करावी लागली नाही. मोठी कंपनी असो वा चार माणसांची पेढी, तत्त्व एकच आहे.

यशाची दुसरी बाजू

निस्सानच्या कथेचा येथेच शेवट केला, तर श्रोत्यांची फसवणूक होईल. त्या योजनेत २१,००० नोकऱ्या कमी करण्याचे आणि पाच कारखाने बंद करण्याचे कलम होते. टोकियोजवळचा मुरायामा कारखाना २००१ मध्ये बंद झाला. ज्या मधल्या फळीच्या माणसांनी आकडे मांडले, त्यांच्याच सहकाऱ्यांच्या चुली त्या आकड्यांच्या पलीकडे होत्या. कंपनी बुडाली असती तर सर्वांचेच गेले असते, हे खरे. परंतु एखाद्या कर्मचाऱ्याला सुधारणेच्या गटात बोलवायचे आणि त्या सुधारणेचा घाव कोणावर पडणार आहे, हे त्याच्यापासून लपवायचे, हा विश्वासघात ठरतो. असा एक अनुभव आला की पुढील दहा वर्षे कोणी मन मोकळे करीत नाही. म्हणून गट नेमतानाच त्याच्या कामातून काय निघू शकते, हे स्पष्ट सांगितले पाहिजे.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. ज्यांनी नऊ गटांना विभागांच्या भिंती पाडायला लावल्या, त्यांच्याच हाती पुढे फार मोठी सत्ता एकवटली. नोव्हेंबर २०१८ मध्ये घोन यांना मोबदला कमी दाखवल्याच्या आरोपावरून टोकियोत अटक झाली. त्यांनी आरोप नाकारले आणि डिसेंबर २०१९ मध्ये ते जपान सोडून लेबनॉनला निघून गेले. त्यामुळे न्यायालयात त्यांच्या खटल्याचा निवाडा होऊ शकला नाही. निवाडा नसताना दोषी ठरवणे उचित नव्हे. परंतु खालच्या माणसांना प्रश्न विचारण्याची मुभा असावी आणि वरच्या माणसाला प्रश्न विचारणारा कोणी नसावा, अशी व्यवस्था टिकत नाही, एवढे मात्र म्हणता येते.

तिसरी गोष्ट काळाची. मे २०२५ मध्ये निस्सानने आर्थिक वर्ष २०२४ चा सुमारे ६७,१०० कोटी येनचा निव्वळ तोटा जाहीर केला. त्याचबरोबर २०,००० नोकऱ्यांची कपात आणि कारखाने १७ वरून १० वर आणण्याची योजना पुढे आली. पंचवीस वर्षांनी आकडे जवळजवळ तेथेच येऊन उभे राहिले. एकदा घेतलेल्या औषधाने जन्मभराचे आरोग्य मिळत नाही. मात्र या वेळच्या योजनेत एक गोष्ट नोंद घेण्याजोगी होती. पुढील काही वर्षांच्या गाड्यांचे काम तात्पुरते थांबवून कंपनीने सुमारे ३,००० माणसे खर्चकपातीच्या कामाकडे वळवली. याचा अर्थ सरळ आहे. नवे काम हवे असेल, तर जुने कोणते थांबवायचे हे वरिष्ठांनी स्वतः ठरवले पाहिजे. ते न ठरवता दिलेले नवे काम हा कर्मचाऱ्यावर लादलेला छुपा कर असतो.

कर्त्या माणसांसाठी

या सर्व अनुभवांचे सार थोडक्यात सांगता येते. गटाला एकच स्पष्ट प्रश्न द्यावा आणि त्याला अंतिम तारीख द्यावी. माणसे मोजकी घ्यावीत, पण कामाची जाण असलेली घ्यावीत. रिकामी आहेत म्हणून घेऊ नयेत. ज्याला गटात घेतले त्याचे मूळ काम कोण किती काळ पाहील, हे त्याच्या वरिष्ठासमोर ठरवावे. गटातील कामाची नोंद वार्षिक मूल्यमापनात यावी. पालक दोन असावेत आणि ते वेगवेगळ्या विभागांतले असावेत. गटाने मागितलेली माहिती कोणीही अडवू नये. प्रत्येक सूचनेला उत्तर मिळावे. नकार असला तरी चालेल, पण तो कारणासह आणि वेळेत मिळावा. श्रेय देताना नावे घ्यावीत आणि काम संपताच गट विसर्जित करावा, म्हणजे पुढच्या खेपेला माणसे आपणहून येतील.

यांतील एकाही गोष्टीला मोठे भांडवल लागत नाही. लागते ती समोरच्या माणसाच्या वेळेविषयीची आदरबुद्धी. पैसा बुडाला तर पुढच्या हंगामात मिळवता येतो. कर्मचाऱ्याने दिलेली संध्याकाळ परत करता येत नाही. तिचे मोल जाणणाऱ्या मालकाला ‘वेळ नाही’ हे उत्तर क्वचितच ऐकावे लागते. कारण कामात गढलेला माणूस सामायिक कामाला नाखूश नसतो. आपले कष्ट वाया जाणार नाहीत, एवढीच खात्री त्याला हवी असते. ती देणे हे त्याचे काम नव्हे. ते गादीवर बसलेल्याचे काम आहे.